अळंबीतली साखर, प्रयोगशाळेतले उंदीर आणि पाकिटावरचा दावा

कोविडनंतर ‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की काढ्यापासून बिस्किटापर्यंत कशावरही तो छापलेला दिसतो. त्यात आता मशरूम पावडरची भर पडली आहे. शिटाके, रेशी, टर्की टेल, कॉर्डिसेप्स अशी नावं असलेल्या कॅप्सूल आणि पावडरी बेळगावात मिळतात, मडगावात मिळतात, इंदूर-वडोदऱ्यातही मिळतात. ऑनलाइन तर विचारूच नका. पाकिटावर एक ओळ बहुतेक वेळा असतेच : ‘प्रयोगशाळेत सिद्ध’. ही ओळ सरसकट खोटी नाही. पण नेमकं काय सिद्ध झालं, कुणावर झालं आणि कशा पद्धतीने झालं, हे त्या पाकिटावर मावत नाही. ते इथे सविस्तर देत आहोत. ही पाकिटं घेणाऱ्यांत कॅन्सरच्या रुग्णांची घरंही असतात, आणि त्यांच्यासाठी हा विषय नुसता पाच-सातशे रुपयांचा राहत नाही.

टोकियोतला प्रयोग

या सगळ्याची सुरुवात जपानमध्ये झाली. १९६९ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध छापून आला. शिटाके ही जपानी स्वयंपाकघरातली रोजची अळंबी, ओकच्या ओंडक्यांवर वाढवतात. ती गरम पाण्यात उकळून तिचा अर्क काढला, अर्कातून पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांबलचक साखळ्या वेगळ्या केल्या आणि ते द्रव्य उंदरांना टोचलं. या उंदरांच्या कातडीखाली आधीच ‘सार्कोमा १८०’ नावाच्या कॅन्सरच्या पेशी सोडलेल्या होत्या. द्रव्य न दिलेल्या उंदरांत गाठी वाढत गेल्या. ज्यांना दिलं त्यांच्यात त्या आक्रसल्या, काही उंदरांत तर दिसेनाशा झाल्या. शिटाकेचं तेव्हाचं शास्त्रीय नाव लेंटिनस एडोडस, त्यावरून या द्रव्याला ‘लेंटिनन’ असं नाव मिळालं. पुढच्याच वर्षी ते शुद्ध करण्याची सगळी रीत त्याच गटाने प्रसिद्ध केली. सुमारे २०० किलो ताज्या शिटाकेतून हाती आलं जेमतेम ३१ ग्रॅम.

खरी गंमत पुढे आहे. हेच लेंटिनन काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर टाकलं तर त्या पेशींना काहीच होत नव्हतं. म्हणजे हे द्रव्य गाठीसाठी विष नव्हतं. मग गाठ गेली कशी? १९७१ साली त्याच गटाने उत्तराकडे नेणारा प्रयोग केला. नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकली. छातीत हृदयाच्या वरच्या बाजूला असलेल्या या ग्रंथीत टी पेशी तयार होतात, आणि टी पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षण दलातली महत्त्वाची तुकडी. थायमस नसलेल्या उंदरांवर लेंटिननचा परिणाम होईना. याचा अर्थ सरळ होता : द्रव्य स्वतः लढत नाही, उंदराच्या शरीरातल्या शिपायांना उठवतं. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी अळंबी’ ही कल्पना इथून जगभर गेली.

ही साखर आहे तरी कसली?

साखर म्हटल्यावर मधुमेहवाले दचकतील, पण ही चहातली साखर नव्हे. भातातलं स्टार्च आणि अळंबीतलं ग्लुकान, दोन्ही ग्लुकोजचे मणी ओवूनच बनतात. फरक आहे तो दोन मण्यांमधल्या गाठीत. स्टार्चमधल्या गाठी ‘अल्फा’ प्रकारच्या, त्या आपलं पोट सहज सोडवतं. अळंबीच्या पेशीभित्तीतल्या गाठी ‘बीटा’ प्रकारच्या, त्या सोडवणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाही. म्हणून त्याला बीटा ग्लुकान म्हणतात. लेंटिननमध्ये मुख्य साखळीला ठरावीक अंतरावर फांद्या फुटलेल्या असतात, दर ५ मण्यांमागे २. ओट्स आणि जव यांतही बीटा ग्लुकान असतं, पण त्याच्या गाठी वेगळ्या आणि फांद्या नाहीत. ते कोलेस्टेरॉलसाठी ओळखलं जातं. दोन्हींचं नाव एकच असल्यामुळे जाहिरातींत एकाचं श्रेय दुसऱ्याला बिनदिक्कत दिलं जातं.

आता शरीराला या साखळीचं एवढं काय पडलंय? कारण असं की फांद्यांचं बीटा ग्लुकान माणसाच्या किंवा उंदराच्या शरीरात तयारच होत नाही. ते असतं बुरशीच्या भिंतीत. तोंडात, योनिमार्गात त्रास देणारी कॅन्डिडासारखी बुरशी शरीरात घुसली तर ओळखता यावी, म्हणून पांढऱ्या पेशींवर या साखळीची खूण पटवणारे ग्राहक रेणू बसवलेले आहेत. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा ‘डेक्टिन-१’. बीटा ग्लुकान पकडणारा रेणू हाच, हे ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवलं. पुढे २००७ मध्ये हा रेणू बनवणारं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार झाले, आणि त्यांच्या पेशींचा बीटा ग्लुकानला मिळणारा प्रतिसाद बराचसा मंदावलेला दिसला.

थोडक्यात, अळंबीचा अर्क टोचला की उंदराच्या शरीराला वाटतं बुरशी आत आली. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी चाळवतात, संदेश पाठवणारी रसायनं सोडतात, टी पेशी आणि ‘नॅचरल किलर’ पेशी जाग्या होतात. चोर नाही, पण भोंगा वाजलाय आणि सगळी गल्ली काठ्या घेऊन बाहेर आलीय, तसं. त्या धावपळीत खरा चोर गल्लीत असेल तर तोही सापडतो.

हे फक्त कॅन्सरपुरतं नाही. अमेरिकेत निकोलस डिलुझिओ आणि डेव्हिड विल्यम्स यांनी १९७८ मध्ये यीस्टमधून काढलेलं ग्लुकान उंदरांना आधी देऊन मग स्टॅफिलोकोकस जिवाणू टोचले. ग्लुकान मिळालेले उंदीर जास्त तगले. ‘आधी देऊन’ हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. अलीकडे नेदरलँड्समधल्या मिहाई नेतेआ यांच्या गटाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. बीटा ग्लुकानची ओळख झालेल्या पांढऱ्या पेशी नंतर काही काळ वेगळ्याच जंतूलाही जोरात उत्तर देतात. त्याला ते ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हणतात. तिथलं ग्लुकान कॅन्डिडाचं होतं, अळंबीचं नव्हे. पण जात तीच.

उंदीर आणि माणूस यांच्यामधली दरी

इथपर्यंत सगळं खरं आहे आणि पाकिटवाल्यांनाही इथपर्यंतच सांगायचं असतं. पुढचं कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वाट. चिहारांचे उंदीर शिटाकेची भाजी खात नव्हते, त्यांना इंजेक्शन दिलं जात होतं. जपानमध्ये नंतर लेंटिनन औषध म्हणून आलं तेही शिरेतून द्यायचं इंजेक्शनच होतं, मोठ्या माणसाला आठवड्याला २ मिलिग्रॅम. हिशेबाची सवय म्हणून मी गणित मांडून पाहिलं. २०० किलोतून ३१ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १५५ मिलिग्रॅम. २ मिलिग्रॅम लेंटिनन साधारण १३ ग्रॅम ताज्या शिटाकेत, म्हणजे एखाद-दुसऱ्या छत्रीत सापडेल. तेव्हा प्रश्न मात्रेचा नाहीच. तेवढं लेंटिनन कोणत्याही जपानी माणसाच्या सूपच्या वाटीत असतं. प्रश्न आहे तो पोटातून रक्तापर्यंत जाण्याचा. एवढी मोठी, न पचणारी साखळी आतड्याच्या भिंतीतून आहे तशी पलीकडे जात नाही.

मग तोंडाने घेतलेलं सगळं फुकट का? तसंही नाही. अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठात २००४ मध्ये उंदरांना चमकणारा रंग लावलेलं यीस्टचं आणि जवाचं ग्लुकान पाजून त्याचा माग काढला. आतड्याजवळच्या भक्षक पेशींनी ते गिळलं आणि प्लीहा, लसिका गाठी, अस्थिमज्जा इथपर्यंत वाहून नेलं. तिथे त्याचे तुकडे होऊन दुसऱ्या पांढऱ्या पेशींना मिळाले. म्हणजे वाट आहे, पण ती बोळातून जाणारी. शिवाय त्या प्रयोगात गाठ कमी झाली ती ग्लुकानसोबत कॅन्सरविरोधी अँटिबॉडीचं इंजेक्शन दिल्यावर. ग्लुकान मदतनीस होतं.

दुसरं, मात्रा. आपल्याकडे समज असा की चांगली गोष्ट दुप्पट घेतली की गुण दुप्पट. लेंटिननच्या बाबतीत उलटं दिसलं. एका मर्यादेपर्यंत मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, त्यापुढे तो घसरतो. उंदराच्या वाणाप्रमाणेही फरक पडतो : काही वाणांत गाठ विरघळते, काहींत फारसं काही होत नाही. उंदरा-उंदरात जर हे अंतर असेल तर उंदीर आणि माणूस यांच्यात किती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तिसरी गोष्ट त्या सार्कोमा १८० ची. ही गाठ त्या उंदराच्या शरीरात आपोआप झालेली नसते. ती दुसऱ्या उंदरापासून आलेली आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जोपासलेली पेशी असते. परक्या पेशीला हाकलणं शरीराला मुळातच सोपं जातं, त्याला थोडा धक्का दिला तरी पुरतो. माणसाचा कॅन्सर माणसाच्या स्वतःच्या पेशीतून होतो आणि तो घरच्यासारखा लपून बसतो. नंतरच्या काळात संशोधकांनी उंदराच्या स्वतःच्या वाणातल्या गाठींवरही प्रयोग केले. काहींत गुण आला, पण सार्कोमा १८० इतका सरसकट नाही.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची अडचण आहे. काचेच्या बशीतल्या प्रयोगांत अळंबीच्या अर्काने मॅक्रोफेज चाळवले, असे निबंध शेकड्याने सापडतील. पण काही जिवाणूंच्या भिंतीतला एक घटक, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, तो अगदी नखभर मिसळला तरी मॅक्रोफेज तसेच खवळतात. अर्क उकळलेला असला तरी एंडोटॉक्सिन सहज जात नाही. ते तपासून वगळलं आहे की नाही हे पाहिल्याशिवाय असा निबंध जाणकार मंडळी गांभीर्याने घेत नाहीत. शिवाय २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गटाने दाखवलं की पाण्यात विरघळलेलं ग्लुकान डेक्टिन-१ ला चिकटतं खरं, पण भोंगा वाजवत नाही. कणांच्या रूपातलंच वाजवतं. म्हणजे एकाच अळंबीचा काढा आणि पूड यांचं काम वेगळं असू शकतं.

रुग्णांवर काय झालं?

जपानने ही औषधं थेट रुग्णांपर्यंत नेली, हे त्यांचं श्रेय. टर्की टेल म्हणजे ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या लाकडावरच्या अळंबीपासून बनवलेलं, प्रथिनाला जोडलेलं पॉलिसॅकराइड ‘क्रेस्टिन’ या नावाने १९७७ मध्ये मंजूर झालं. हे तोंडाने घ्यायचं होतं. १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरसाठी केमोथेरपीसोबत लेंटिनन आलं. १९८६ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनसोबत ‘सिझोफिरान’ आलं. हे शेवटचं ज्या अळंबीपासून बनतं ती आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात वाळक्या आंब्याच्या फांदीवर छोट्या पंख्यासारखी, केसाळ, राखाडी-पांढरी जी बुरशी उगवते ती हीच, स्किझोफायलम.

क्रेस्टिन १९८० च्या दशकात जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या कॅन्सर औषधांत होतं. मग १९८९ मध्ये सरकारने फेरतपासणी केली आणि ते एकटं न देता फक्त केमोथेरपीसोबत द्यावं, अशी मर्यादा घातली. त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांत केमोथेरपीसोबत क्रेस्टिन घेणारे ७३ टक्के रुग्ण ५ वर्षं जगले, नुसत्या केमोथेरपीवरचे ६० टक्के. हा फरक किरकोळ नाही, हे मान्य करायला हवं. पण त्यानंतर केमोथेरपीची औषधंच बदलली, जास्त प्रभावी झाली, आणि क्रेस्टिनची विक्री २०१७ मध्ये थांबली.

लेंटिननची गोष्ट जास्त बोलकी आहे. जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर जठराच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये थोडं आयुष्य वाढतं असं दिसत होतं. म्हणून जपानमध्ये नव्या केमोथेरपीसोबत मोठी चाचणी झाली, ३०९ रुग्णांवर. निम्म्यांना गोळ्या, निम्म्यांना गोळ्या अधिक लेंटिननचं इंजेक्शन. २०१६ मध्ये निकाल आला : लेंटिनन घेतलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही. उंदरातली गाठ विरघळवून जगाचं लक्ष वेधणारं तेच द्रव्य, शुद्ध स्वरूपात, शिरेतून, ठरलेल्या मात्रेत दिलं होतं. तेव्हा चमचाभर पूड दुधात घालून काय होईल, हा प्रश्न पाकिट विकणाऱ्याला जरूर विचारावा.

निरोगी माणसांचं काय? फ्लोरिडा विद्यापीठाने ५२ निरोगी तरुण-तरुणींना ४ आठवडे रोज ५ किंवा १० ग्रॅम वाळलेली शिटाके खायला दिली. काही टी पेशी वाढल्या, लाळेतलं संरक्षक आयजीए वाढलं, सुजेचा एक निर्देशक उतरला. २०१५ चा हा अभ्यास आहे. तिथे पूड नव्हे, आख्खी अळंबी शिजवून खाल्ली होती. आणि रक्तातले आकडे बदलले म्हणून ही मंडळी कमी आजारी पडली का, हे त्यात मोजलेलं नव्हतं.

भोंगा चुकीच्या वेळी वाजला तर

प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच इशारेही आले आहेत, पण ते जाहिरातीत कधी दिसत नाहीत. जपानमधल्या एका गटाने उंदरांना बीटा ग्लुकान टोचलं आणि सोबत इंडोमेथासिन ही वेदनाशामक गोळी दिली. दोन्ही मिळून उंदीर दगावले. आतड्यातले जिवाणू पोटाच्या पोकळीत उतरले होते. मशरूम मसाला खाऊन डोकेदुखीची गोळी घेतली तर असं होईल असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘नैसर्गिक आहे, काही अपाय नाही’ हे वाक्य किती सैल आहे ते कळतं.

२००६ मध्ये जपानच्या आरोग्य खात्याने अगॅरिकस नावाच्या ब्राझीलकडून आलेल्या अळंबीची तीन उत्पादनं बड्या उंदरांवर म्हणजे रॅटवर तपासली. त्यातल्या एकाने कॅन्सर घडवणाऱ्या रसायनांना उलट मदत केल्याचं दिसलं आणि ते उत्पादन बाजारातून मागे घ्यावं लागलं. बाकी दोन्हींत तसं आढळलं नाही. अळंबी तीच, कारखाने वेगळे.

शिटाके कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात. १९७७ पासून वैद्यकात त्याची नोंद आहे आणि संशय लेंटिननवरच आहे. नीट शिजवली तर सहसा होत नाही. ज्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटलेली आहे, म्हणजे ल्युपस किंवा आमवाती संधिवाताचे रुग्ण, किंवा मूत्रपिंड बसवल्यामुळे जे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी ‘बूस्टर’ म्हणून विकली जाणारी कोणतीही वस्तू डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. त्यांना शिपाई जागे करायचे नसतात, शांत ठेवायचे असतात.

आपल्याकडचं काम

भारतातही या विषयावर बरंच काम झालं आहे. पश्चिम बंगालमध्ये मिदनापूरच्या विद्यासागर विद्यापीठात सय्यद सिराजुल इस्लाम यांच्या गटाने धिंगरी आणि वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसेस जातीच्या अळंब्यांतून ग्लुकान वेगळे करून त्यांची रचना एकेक करून उलगडली आणि मॅक्रोफेज, प्लीहा व थायमसच्या पेशींवर त्यांचा परिणाम पाहिला. केरळात त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रात के. के. जनार्दनन यांनी रेशी आणि फेलिनस या अळंब्यांचे अर्क उंदरांतल्या गाठींवर तपासले. ही टर्मिटोमायसेस म्हणजेच गोव्यात पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी ‘अळमी’ आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात वारुळावर मिळणारी अळंबी, हिचंच कुळ. चवीला तिची सर बटन मशरूमला नाही, हे खवय्यांना वेगळं सांगायला नको. मात्र रानातली अळंबी ओळखणाऱ्याकडूनच घ्यावी. विषारी जाती दिसायला सारख्या असतात.

शेवटी पाकिटाकडे वळू. लेबलवर ‘३० टक्के पॉलिसॅकराइड’ लिहिलेलं असतं. पण स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच. पुष्कळशा पावडरी अळंबीच्या छत्रीपासून नव्हे, तर तांदूळ किंवा इतर धान्यावर वाढवलेल्या बुरशीच्या धाग्यांपासून, धान्यासकट दळून बनवतात. मग आकडा भरतो तो धान्याच्या पिठाने. हे घरी पाहता येतं. चिमूटभर पूड पाण्यात उकळून गार करायची आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे, शाळेत बटाट्यावर टाकत होतो तसे. गडद निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च भरपूर आहे. लेबलवर एकूण पॉलिसॅकराइडऐवजी बीटा ग्लुकानचा वेगळा आकडा, अळंबीचं शास्त्रीय नाव आणि कोणता भाग वापरला हे दिलेलं असेल तर उत्पादक निदान हिशेब द्यायला तयार आहे, असं समजावं.

आणि कुणी पत्रकावर किंवा व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सर बरा करणारी मशरूम’ अशी जाहिरात करत असेल, तर ती १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा ठरते. कॅन्सरचं नाव त्या कायद्याच्या यादीतच आहे. खाद्यपदार्थ म्हणून परवाना घेतलेल्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, हा एफएसएसएआयचा नियम वेगळा. पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो, आणि तक्रारही तिथेच नोंदवता येते. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कुठेही राहत असलात तरी हे दोन्ही नियम केंद्राचे आहेत.